चात्या बदलण्याआधी: नागपूरच्या एम्प्रेस मिलची पहिली वर्षे

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला आणि राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्याच दिवशी नागपुरात जुम्मा तलावाजवळ एक कापडगिरणी सुरू झाली आणि तिला सम्राज्ञीचे नाव मिळाले. कागदोपत्री कंपनीचे नाव होते ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. लोकांच्या तोंडी मात्र ती एम्प्रेस मिलच राहिली. भांडवल १५ लाख रुपयांचे, सूत कातणाऱ्या चात्या सुमारे ३०,००० आणि माग ४५०. तेव्हाच्या मुंबईत गिरणीधंद्याला वीस वर्षे होऊन गेली होती आणि नागपूरच्या या नव्या गिरणीकडे कोणी आदर्श म्हणून पाहावे असे तिच्यात काही नव्हते. पण पुढच्या दहा वर्षांत तिने जे केले त्यातून एका प्रश्नाचे उत्तर मिळते, जो आजही प्रत्येक कारखान्यात आणि कंपनीत विचारला जातो: नवे काही कंपनीच्या आत रुजते कसे? त्या दशकाचा पुरावा असे सांगतो, की नव्या कल्पनांचा दुष्काळ सहसा नसतोच. दुर्मीळ असते ती कल्पना खर्च करून तपासण्याची सोय, आणि ती खरी ठरल्यावर तिच्यासाठी चालते जुने मोडीत काढण्याची तयारी. या दोन गोष्टी एखाद्या बुद्धिमान माणसाच्या डोक्यात असून भागत नाही. त्या कंपनीच्या रचनेत असाव्या लागतात.

गिरणीचे संस्थापक जमशेटजी टाटा तेव्हा अडतीस वर्षांचेही झाले नव्हते. १८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, ‘अलेक्झांड्रा’ नाव दिले आणि दोन वर्षांत नफा घेऊन विकून टाकली. नंतर ते इंग्लंडला गेले आणि लँकेशायरचा कापडधंदा जवळून पाहिला. परतल्यावर त्यांनी जागा निवडली ती मुंबईपासून रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर दूर. गिरणी काढायची तर मुंबईतच, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. भांडवल तिथे, बंदर तिथे, कारागीर तिथे. जमशेटजींनी हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडला. कापूस वऱ्हाडात आणि हिंगणघाटच्या परिसरात पिकतो, तो गाठी बांधून मुंबईला जातो आणि त्याचेच कापड पुन्हा आत येते. हा दुहेरी प्रवास वाचवता येईल. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होती, वरोऱ्याचा कोळसा हाताशी येत होता, आणि आसपास हातमागाचे कापड वापरणारी मोठी बाजारपेठ होती. निवडलेली जमीन पाणथळ होती. ती भरून काढावी लागली. एका स्थानिक सावकाराने हे म्हणजे सोने मातीत घालणे आहे असे म्हणून पैसे द्यायला नकार दिला आणि पुढे, या माणसाने माती घालून सोने काढले, अशी कबुली दिली, असे सांगतात. किस्सा रंगवलेला असेल, पण त्यातली सावकाराची शंका मुळीच अडाणी नव्हती. तो उपलब्ध अनुभवावरून बोलत होता, आणि उपलब्ध अनुभव मुंबईचा होता.

सुरुवात डळमळीतच झाली. पहिली यंत्रसामग्री स्वस्तात घेतली होती आणि ती हलक्या प्रतीची निघाली. समभागांचा बाजारभाव घसरला. अशा वेळी बहुतेक मालक करतात तेच करता आले असते: आहे त्या यंत्रांतून जमेल तितके पिळून काढायचे आणि नफा आल्यावर सुधारणेचे पाहू म्हणायचे. जमशेटजींनी उलट क्रम धरला. नफ्याची वाट न पाहता चांगली यंत्रे आणली. व्यवस्थापकाच्या निवडीतही त्यांनी प्रघात मोडला. गिरणी चालवायला त्यांनी नेमले बेझनजी दादाभाई मेहता यांना, जे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आले होते आणि ज्यांना सूतकताईचा अनुभव नव्हता. त्यांच्या जोडीला तांत्रिक बाजू सांभाळायला जेम्स ब्रुक्सबी हा लँकेशायरच्या धंद्यात मुरलेला इंग्रज होता. ही जोडी योगायोगाने जमलेली दिसत नाही. ज्याला धंद्याची सगळी अंगे येतात तो त्या धंद्याच्या सगळ्या समजुतीही बरोबर आणतो. ज्याला त्या येत नाहीत तो ‘असेच का?’ हा प्रश्न विचारायला मोकळा असतो. पण प्रश्न विचारणाऱ्यापाशी जाणकार नसेल तर प्रश्न हवेत राहतो. एम्प्रेस मिलमध्ये दोघेही होते, आणि दोघांचे ऐकणारा मालकही होता.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती १८८३ च्या सुमारास. ती समजून घ्यायला यंत्राकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल. तेव्हा सूत मुख्यतः म्यूलवर निघे. म्यूलमध्ये चात्यांची लांबलचक रांग एका चाकांच्या गाड्यावर बसवलेली असते. गाडा सुमारे पाच फूट बाहेर येतो, येताना कापसाची वात ओढली जाऊन पिळली जाते. मग गाडा मागे जातो आणि जाताना तयार सूत चातीवर गुंडाळले जाते. म्हणजे पिळणे आणि गुंडाळणे ही दोन कामे आलटून पालटून होतात आणि गुंडाळताना नवे सूत निघतच नाही. अमेरिकेत निघालेली रिंग फ्रेम हीच दोन कामे एकाच वेळी करते. प्रत्येक चातीभोवती एक गुळगुळीत पोलादी कडे असते आणि त्या कड्यावर नखाएवढी, अर्धवर्तुळाकार तारेची एक कडी सरकत फिरते. सूत तिच्यातून ओवून चातीवर जाते. चाती फिरते, सूत त्या कडीला आपल्यामागे ओढते, कडी किंचित मागे पडते, आणि त्या मागे पडण्यातच सूत गुंडाळले जाते. पीळ मात्र अखंड चालू राहतो. थांबणे नाही, मागे-पुढे जाणे नाही. म्यूल चालवायला वर्षानुवर्षे मुरलेला कारागीर लागे. रिंगवर मुख्य काम तुटलेले धागे सांधणे आणि भरलेल्या बॉबिन बदलणे, आणि ते नवखा कामगार काही महिन्यांत शिकू शके. रिंगचे तोटेही होते. तिच्यात सुतावर ताण जास्त पडतो, म्हणून पीळ जास्त द्यावा लागतो आणि तेवढ्याच बारीक सुतासाठी कापूस अधिक लांब धाग्याचा लागतो.

लँकेशायरच्या जाणकारांना ही यंत्रे ठाऊक होती आणि त्यांच्याबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. नागपूरला तरीही रिंगचे दोन साचे आणवले गेले आणि गिरणीतच, गिरणीच्याच कापसावर, गिरणीच्याच माणसांकडून चालवून पाहिले गेले. दोन साचे म्हणजे अख्ख्या कारखान्याच्या मानाने नगण्य खर्च. प्रयोग फसला असता तर कोणाची नोकरी गेली नसती, कंपनी हलली नसती. पण प्रयोग फसला नाही. सुताचे उत्पादन म्यूलच्या पुढे गेले. फेऱ्यांचा वेग वाढवत नेण्याची खटपट तिथेच सुरू झाली. त्यासाठी सुधारित साचे हवे होते, आणि नेहमीच्या इंग्लिश यंत्रकारांनी उत्साह दाखवला नाही तेव्हा मागणी दुसऱ्या कारखान्याकडे वळवली गेली. मग जी गोष्ट सगळ्यांत अवघड ती झाली: चालू स्थितीतली, अजून दहा वर्षेही न झालेली यंत्रे काढून त्यांच्या जागी टप्प्याटप्प्याने रिंग बसवण्याचे ठरले. छोटा प्रयोग आणि मोठा निर्णय यांत अंतर थोडे होते, हे या प्रकरणाचे मर्म आहे. बहुतेक कंपन्यांत प्रयोग होतात. त्यांचे अहवाल कपाटात राहतात, कारण निष्कर्ष अंगावर आला तर काय करायचे हे आधी ठरलेले नसते.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि अर्थशास्त्राच्या इतिहासकारांनी तो नीट मांडला आहे. त्यांचे म्हणणे असे, की यात दूरदृष्टी वगैरे काही नाही. हा नुसता किमतींचा हिशेब आहे. लँकेशायरमध्ये म्यूलचे कसबी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तयार होते आणि तिथे बारीक सूत काढले जाई, म्हणून म्यूल परवडे. हिंदुस्थानात कसबी कारागीर नव्हते, सूत बहुतेक जाडेभरडे, म्हणून रिंग परवडे. नागपूरने जे केले ते कोणीही केले असते. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. १९१३ मध्येही ब्रिटनमध्ये म्यूलच्या चात्या साडेचार कोटींच्या आसपास होत्या आणि रिंगच्या जेमतेम एक कोटी, तर अमेरिकेत शंभरातल्या पंच्याऐंशीहून अधिक चात्या रिंगच्या झाल्या होत्या. एवढा फरक केवळ आळसाने पडत नाही. पण आक्षेपाचा दुसरा भाग टिकत नाही. जाडे सूत, नवखे कामगार, आखूड धाग्याचा कापूस ही परिस्थिती मुंबईचीही होती. तिथल्या गिरण्यांना रिंग तितकीच सोयीची होती, आणि तरीही मुंबईत म्यूल पुढे दीर्घकाळ नव्याजुन्या गिरण्यांत चालत राहिले. किमती सारख्या असताना दोन ठिकाणी दोन वेगळे निर्णय होत असतील, तर कारण किमतींपलीकडे शोधले पाहिजे.

ते कारण रचनेत सापडते, आणि त्याचा एक पुरावा खुद्द लँकेशायर देते. तिथे कताईची कंपनी वेगळी आणि विणकामाची वेगळी, बहुधा वेगळ्या गावातली. म्यूलचे सूत हलक्या कागदी नळीवर किंवा नुसत्या चातीवरून उतरवून पाठवता येई. रिंगचे सूत जड लाकडी बॉबिनवर असे, म्हणजे लाकूडही वाहून न्यायचे आणि रिकामे परत आणायचे. कताईवाल्याने रिंग घेतली तर त्याचा काही फायदा विणणाऱ्याच्या पदरात आणि वाहतुकीचा भुर्दंड स्वतःच्या. एकट्या कंपनीला शहाणपण सुचले तरी ते अमलात आणणे तिच्या एकटीच्या हाती नव्हते. एम्प्रेस मिलमध्ये कताई आणि विणकाम एका छपराखाली होते. भरलेली बॉबिन एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायची, एवढाच प्रवास. नव्या यंत्राचा पूर्ण लाभ आणि पूर्ण खर्च एकाच हिशेबवहीत उतरत होता, म्हणून निर्णय घेणे शक्य झाले.

दुसरा पुरावा मुंबईच्या हिशेबवह्यांत आहे. तिथल्या बहुतेक गिरण्या मॅनेजिंग एजंट चालवत आणि एजंटांचे कमिशन नफ्यावर नसे. ते निघालेल्या मालाच्या वजनावर, पौंडाला पाव आणा, असे मिळे. गिरणी तोट्यात असली तरी एजंटाला पैसे मिळत राहत. अशा माणसाने चालते यंत्र थांबवून, उत्पादन काही काळ खंडित करून, नवे यंत्र का बसवावे? प्रयोगाचा धोका भागधारकांचा, तसा त्याचा लाभही त्यांचाच. एजंटाच्या वाट्याला फक्त बुडालेल्या उत्पादनाचे कमिशन. हे जमशेटजींना नेमके दिसले होते. १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना घेऊन त्यांनी स्वदेशी मिल काढली तेव्हा एजंटाचे कमिशन त्यांनी मालाच्या वजनावरून काढून नफ्यावर, शेकडा दहा असे ठेवले. कागदावर हा एका ओळीचा बदल होता. पण कंपनीत नवे काही करण्याचे धाडस कोणाला परवडते, हे अशाच ओळी ठरवतात. एखाद्या संस्थेत प्रयोग होत नसतील तर माणसांच्या स्वभावाला दोष देण्याआधी त्यांना पैसे कशाचे मिळतात ते पाहावे.

आता दुसरा, अधिक जड आक्षेप. ही सगळी मालकाच्या बाजूची कथा झाली. साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे काय? गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, एम्प्रेस मिलच्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून संप केला. हिंदी कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदला गेलेला हा पहिल्या संपांपैकी एक आहे. तेव्हा गिरण्यांत काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने फक्त मुलांच्या कामाचे तास बांधले. प्रौढ पुरुषांना कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा १९११ साली मिळाली. शिवाय रिंगचे एक आकर्षण हेच होते, की कसबी कारागिराची गरज उरत नव्हती, म्हणजे त्याची सौदा करण्याची ताकदही उरत नव्हती. हे नाकारून एम्प्रेस मिलचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाढलेल्या उत्पादनातला कामगाराचा वाटा उशिरा आला आणि मालकाने ठरवला तेवढाच आला.

पण याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला काही वस्तुस्थिती आहे. नागपूरचा कामगार मुंबईच्या मानाने बेभरवशाचा असल्याची तक्रार होती. शेतीचा हंगाम, लग्नसराई, सण आले की हजेरी कोसळे. यावरचा सरधोपट उपाय दंडाचा होता. एम्प्रेस मिलने हजेरीसाठी बक्षिसे लावली, हवेतला दमटपणा राखणारी यंत्रे आणि आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊ लागली. अपघात भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये. यामागे दया किती आणि हिशेब किती, याचा काथ्याकूट व्यर्थ आहे. हिशेब असेल तर तो अधिकच बोलका आहे. दमट हवेत धागा कमी तुटतो आणि कामगाराचा जीवही कमी घुसमटतो. टिकून राहिलेला कामगार वेगवान साच्यावर हात बसवतो आणि तो निघून गेला तर त्या साच्याचा वेग निरुपयोगी ठरतो. नव्या यंत्रावर पैसा घालणाऱ्या कंपनीला त्या यंत्रापाशी उभ्या माणसावरही पैसा घालावा लागतो, हे इथे उपदेशातून नव्हे, उत्पादनाच्या गरजेतून सिद्ध झाले. कामगाराला या निर्णयांत बोलण्याचा अधिकार असता तर हेच बदल लवकर आणि अधिक न्यायाने झाले असते. तो अधिकार नव्हता, ही त्या रचनेतली खरी उणीव आहे.

तिसरा आक्षेप असा, की रिंग फ्रेम अमेरिकेत शोधली गेली, ती विकत आणण्यात नवनिर्मिती कसली? या प्रश्नामागे शोध लावणे आणि शोध लागू करणे यांत उच्चनीचता मानण्याची सवय आहे. रिंगचे मूळ तत्त्व १८२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मांडले गेले. मग पन्नासहून अधिक वर्षे ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही थोड्यांनीच ते पूर्णपणे वापरले, कारण ते आपल्या कापसाला, आपल्या हवेला, आपल्या माणसांना जुळवून घेणे हे वेगळे आणि कष्टाचे काम आहे. जपानचे उदाहरण पाहावे. ओसाकाच्या कताई कंपनीने १८८३ मध्ये म्यूलवरच सुरुवात केली. मग १८८० च्या दशकाच्या अखेरीस जपानी गिरण्या रिंगकडे वळल्या आणि अत्यंत थोड्या काळात जवळजवळ सगळा धंदा बदलून गेला. कापसाच्या वेगवेगळ्या जाती मिसळून आखूड धाग्याची अडचण त्यांनी सोडवली, आणि त्यासाठी हिंदी कापूसच नेला. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले आणि मुंबईहून कापूस नेणाऱ्या बोटींच्या भाड्यासाठी जपानी कंपनीशी हातमिळवणी करून आले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जपानी सुताने चीनच्या बाजारातून मुंबईचे सूत हटवले. यंत्र दोन्हीकडे मिळत होते. ते लवकर आत्मसात करण्याची रचना एकीकडे सगळ्या धंद्याची झाली होती, दुसरीकडे ती काही गिरण्यांपुरती राहिली.

नागपूरची रीत सहज कुठेही नेता येते असेही नाही, आणि याचा दाखला जमशेटजींनीच दिला. कुर्ल्याची धरमसी मिल त्यांनी मोठ्या उमेदीने घेतली. मिळाली ती जुनाट यंत्रे, पडीक व्यवस्था आणि मालाच्या प्रतीबद्दल व्यापाऱ्यांच्या तक्रारी. तोच मालक, तीच दृष्टी, हाताशी आलेला अनुभव. तरी गिरणी मार्गाला लागायला बरीच वर्षे आणि बराच पैसा गेला. नागपुरात सगळे पायापासून उभे केले होते, कुर्ल्यात आधी जुन्या सवयी उखडायच्या होत्या. नवी रीत माणसाच्या अंगातून संस्थेच्या अंगात उतरायला वेळ लागतो, आणि ती उतरली तरी कायमची राहते असे नाही. एम्प्रेस मिल वाढत पाच गिरण्यांची झाली, अनेक दशके तिने नागपूरच्या हजारो घरांत चूल पेटवली. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातल्या बहुतेक एकत्रित गिरण्यांप्रमाणे ती खंगली, १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे कायमची बंद झाली. ज्या गिरणीने दहा वर्षांच्या आतली यंत्रे काढून टाकण्याचे धैर्य दाखवले होते, तिची यंत्रे शेवटी जुनी होऊन थांबली.

आज आपल्या कंपन्यांत नवनिर्मितीचे विभाग आहेत, स्पर्धा आहेत, पुरस्कार आहेत. त्यांना विरोध नाही. पण एम्प्रेस मिलचा पुरावा मान्य केला तर खरी कसोटी चार साध्या प्रश्नांची आहे, आणि प्रत्येक संचालक मंडळाने ते वर्षातून एकदा स्वतःला विचारावेत. आपल्याकडे कोणाला वरच्यांना न विचारता दोन साच्यांएवढा प्रयोग करता येतो का? त्याचा निष्कर्ष आपल्या चालत्या धंद्याच्या विरुद्ध गेला तर काय करायचे हे आधी ठरले आहे का? व्यवस्थापकांना पैसे मालाच्या वजनाचे मिळतात की कंपनीच्या भल्याचे? आणि नव्या यंत्रापाशी जो माणूस उभा राहणार आहे त्याला या सगळ्यात वाटा आणि आवाज आहे का? पहिल्या दोन्हींना नागपूरने आणि तिसऱ्याला कुर्ल्याच्या स्वदेशी मिलने एकोणिसाव्या शतकातच उत्तर दिले. चौथ्याचे उत्तर एम्प्रेस मिलला अर्धेच देता आले, आणि ते पुरे करण्याची जबाबदारी आता आपली आहे.